वजन कमी करताना चालणे किती आणि वजने उचलणे किती?

टेकडीवाट
नमस्कार. मी कोथरूडमध्ये राहते. वय ४४, उंची ५ फूट २ इंच, वजन ७१ किलो आणि काम दिवसभर खुर्चीत बसून करण्याचे. गेल्या वर्षी तपासणीत तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ५.९, म्हणजे मधुमेहाच्या काठावरचा, आला, तेव्हापासून वेताळ टेकडीवर सकाळी नियमित चालते. सुरुवातीला वजन चांगले उतरले, परंतु आता बराच काळ काटा एकाच जागी थांबला आहे. घराजवळच्या जिममधल्या प्रशिक्षकांचे म्हणणे असे, की चालणे बंद करून फक्त वजने उचलावीत, कारण चालण्याने स्नायू झडतात. टेकडीवरच्या मैत्रिणींचे म्हणणे याच्या नेमके उलट, की वजने उचलून बायकांचे दंड पुरुषी होतात आणि वजन वाढते. मला आठवड्यातून साडेचार ते पाच तास मिळतात आणि घरचे सांभाळून त्याहून जास्त वेळ निघणार नाही. हा वेळ कसा वाटावा? टेकडी उतरताना गुडघे दुखतात, हेही सांगून ठेवते. जाणकारांनी शक्य तिथे कारणांसह लिहावे, ही विनंती.

मोजपट्टी
टेकडीवाट, आपल्या प्रश्नात तीन वेगळे प्रश्न एकत्र आले आहेत आणि ते सुटे केल्याशिवाय उत्तर नीट लागणार नाही. काट्यावरचे वजन कशाने उतरते, हा पहिला. उतरलेल्या वजनात चरबी किती आणि स्नायू किती, हा दुसरा. साखर, रक्तदाब आणि दम यांना कशाचा उपयोग होतो, हा तिसरा.

पहिल्याबद्दल अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचा २०१२ सालचा अभ्यास उपयोगी आहे. वजन जास्त असलेल्या, बैठ्या सवयीच्या, परंतु मधुमेह नसलेल्या प्रौढांचे तीन गट करून त्यांना आठ महिने व्यायाम दिला होता. एका गटाला फक्त कार्डिओ (चालणे-धावणे यांसारखा दम लावणारा व्यायाम), दुसऱ्याला फक्त वजने आणि तिसऱ्याला दोन्ही. आहार बदलायला सांगितलेला नव्हता. कार्डिओ असलेल्या दोन्ही गटांची चरबी आणि वजन उतरले, वजने असलेल्या दोन्ही गटांचे स्नायू वाढले. दोन्ही करणाऱ्यांनी जवळजवळ दुप्पट वेळ दिला, तरी त्यांची चरबी नुसत्या कार्डिओच्या गटापेक्षा फारशी जास्त उतरली नाही. म्हणजे केवळ काटा खाली आणायचा असेल, तर आपल्या प्रशिक्षकांचा सल्ला टिकत नाही.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र चित्र पालटते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६५ वर्षांवरील १६० स्थूल व्यक्ती होत्या आणि त्यांतल्या व्यायामाच्या तिन्ही गटांना वजन कमी करण्याचा आहारही दिला होता. सहा महिन्यांनी तिन्ही गटांचे वजन साधारण सारखेच, म्हणजे नऊ टक्क्यांच्या आसपास, उतरलेले होते. परंतु नुसता कार्डिओ करणाऱ्यांनी चरबीविरहित वस्तुमानातले ५ टक्के गमावले, नुसती वजने उचलणाऱ्यांनी २ टक्के आणि दोन्ही करणाऱ्यांनी ३ टक्के. नितंबाच्या हाडाची घनताही नुसत्या कार्डिओच्या गटात सर्वांत जास्त घटली, आणि दैनंदिन हालचालींच्या चाचणीत दोन्ही करणारा गट सर्वांत पुढे गेला. आहार कमी करून वजन उतरवणाऱ्याने वजने उचलणे का सोडू नये, याचे याहून स्पष्ट उत्तर मला ठाऊक नाही.

पुणेकरांनी या दुसऱ्या प्रश्नाकडे जास्तच लक्ष द्यावे, असे मला मनापासून वाटते, आणि त्याचे कारणही पुण्यातच सापडले आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले होते. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र यडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. पुण्याजवळच्या सहा गावांत याज्ञिक यांच्या गटाने केलेल्या कामातून हेही दिसले, की आपल्याकडची नवजात बाळे इंग्लंडमधल्या बाळांहून वजनाने बरीच हलकी असतात, पण त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने फारशी कमी नसते, कमी पडतात ते स्नायू. अंगकाठी बारीक आणि चरबी जास्त, अशी ही ठेवण जन्मापासूनची आहे. म्हणूनच भारतीयांसाठी जास्त वजनाची मर्यादा बॉडी मास इंडेक्स २५ ऐवजी २३ धरतात आणि पोटाचा घेर बायकांनी ८० व पुरुषांनी ९० सेंटिमीटरच्या आत ठेवावा असे सांगतात. मुळात ज्यांच्याकडे स्नायूंची शिल्लक कमी, त्यांनी वजन उतरवताना तीच खर्च करणे परवडणारे नाही. शिवाय जेवणातून रक्तात आलेली बरीचशी साखर स्नायूच उचलतात, त्यामुळे आपल्या ५.९ च्या आकड्याशीही या गोष्टीचा थेट संबंध आहे.

एक गैरसमज मात्र आताच दूर करतो. 'स्नायू वाढले की झोपेतही भरपूर उष्मांक जळतात', असे जिममध्ये सर्रास सांगितले जाते. एक किलो स्नायू विश्रांतीच्या अवस्थेत दिवसाला साधारण १३ किलोकॅलरी खर्च करतो, एक किलो चरबी साडेचारच्या आसपास. दोन किलो स्नायू कमावले, तरी या हिशेबाने दिवसाकाठी अर्ध्या पोळीचाही फरक पडत नाही. स्नायू राखायचे ते ताकदीसाठी, साखरेसाठी, हाडांसाठी.

सिंहगड_रविवार
मोजपट्टी यांचा प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहे, परंतु तो वाचून कोणी टेकडी सोडू नये, म्हणून लिहितो. आतकरवाडीच्या वाटेने सिंहगडाची चढाई साधारण ६०० मीटरची धरू. ७० किलोचे शरीर इतक्या उंचीवर न्यायला लागणारी निव्वळ ऊर्जा १०० किलोकॅलरींच्या घरात येते. स्नायू मात्र खर्च केलेल्या ऊर्जेतला चौथा-पाचवा हिस्साच कामात उतरवतात, बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणजे नुसत्या चढण्यात ४०० ते ५०० किलोकॅलरी लागतात. सपाट रस्त्यावर चालताना बसून राहण्यापेक्षा जो जादा खर्च होतो, तो किलोमीटरमागे दर किलो वजनाला अर्ध्या किलोकॅलरीच्या आसपास असतो. टेकडीवाट यांना सपाटीवर पाच किलोमीटर चालून पावणेदोनशेच मिळतील. चढाचा फायदा इतका मोठा आहे.

गडावर पोहोचल्यावर पिठले-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातले दही समोर येते, आणि भजीची दुसरी बशी मागवली की चढाईचा हिशेब तिथेच मिटतो, हेही तितकेच खरे. मी दही आणि भाकरी खातो आणि भजी सोबत्यांना देतो.

हृदय आणि फुप्फुसांची क्षमता चढ जितकी वाढवतो, तितकी डंबेल वाढवत नाही, आणि ही क्षमता दीर्घायुष्याशी किती घट्ट जोडलेली आहे हे आता सर्वमान्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस कार्डिओ सांगितला आहे, आणि त्याच्या जोडीने किमान दोन दिवस सर्व मोठ्या स्नायूंचा व्यायाम. दोन्ही सांगितले आहे, एकाच्या बदल्यात दुसरे असे नाही.

पायरी_पायरीने
मी भौतिकोपचार करते आणि टेकड्यांवरून उतरून आलेले गुडघे मला वरचेवर पाहावे लागतात, म्हणून फक्त त्याबद्दल लिहिते. चढताना दम लागतो आणि उतरताना गुडघा दुखतो, याचे कारण असे, की उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांब होत होत भार पेलतो आणि प्रत्येक पावलाला शरीराला ब्रेक लावतो. तो कमजोर असेल तर भार वाटीच्या हाडामागे जातो. विश्रांतीने दुखणे तेवढ्यापुरते थांबते, पण स्नायू आहे तिथेच राहतो. टेकडीवाट यांनी वजने उचलायला सुरुवात करण्याचे हेच सर्वांत जवळचे कारण समजावे.

सुरुवात खुर्चीपासून करा. हात नसलेली, न सरकणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी आणि पावले खांद्याइतकी लांब ठेवून तिच्याकडे पाठ करून उभे राहावे. आधी कंबर मागे न्यावी, मग गुडघे वाकवावेत आणि मनात तीनपर्यंत मोजत खाली बसावे. बूड खुर्चीला टेकताच, अंग सैल न सोडता, टाचांवर जोर देऊन उठावे. गुडघे आत वळत असतील तर ते पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत आणावेत. बहुतेकांचे शेवटचे चार इंच धप्पकन खाली जातात, आणि तेवढ्याच अंतरात ताबा कमी असतो. ते चार इंच सावकाश झाले, की छातीशी पाच किलोची पिशवी धरावी. त्यानंतर घरातल्या एका पायरीवर उभे राहून एक पाय सावकाश खाली टेकवण्याचा सराव करावा. उतरण्याचा सराव तो हाच.

गुडघ्याला सूज असेल, गुडघा अडकत असेल किंवा रात्री झोपमोड होण्याइतके दुखत असेल, तर मात्र आधी तपासून घ्या.

रात्रपाळी_हिंजवडी
माझा प्रश्न याच धाग्यात विचारतो. पाळी संपवून घरी आल्यावर मला अर्धा-पाऊण तास मिळतो आणि वेगळे दिवस ठेवणे जमत नाही. एकाच वेळी दोन्ही करायचे असेल, तर आधी काय करावे? घड्याळ दाखवते ते उष्मांक धरून मी जेवण ठरवतो. तेही योग्य आहे का?

लोखंडी_पाटी
मी पेठेतल्या तालमीत वाढलो आणि आता व्यवसायाने प्रशिक्षक आहे. रात्रपाळी, आपल्या प्रश्नापासून सुरुवात करतो.

आधी वजने, नंतर कार्डिओ. वजने उचलताना पाय ताजे हवेत, पाठ सरळ ठेवण्याचे भान हवे, आणि थकलेल्या अंगाने ते राहत नाही. कार्डिओ थोड्या थकव्यातही सुरक्षितपणे होतो. अपवाद एकच, अंग गरम करण्यासाठी पाच-सात मिनिटांचे चालणे आधीच करावे.

'कार्डिओने स्नायू झडतात' हा समज कुठून आला, तेही सांगतो. रॉबर्ट हिक्सन या संशोधकाने १९८० साली दहा आठवड्यांचा प्रयोग केला होता. ताकद आणि दमसास दोन्हींचा कठोर सराव एकत्र करणाऱ्यांची ताकद सहा-सात आठवडे वाढली आणि पुढे घसरू लागली, नुसती वजने उचलणाऱ्यांची वाढतच राहिली. पण त्यांचा सराव जवळजवळ रोजचा आणि अंगाची परीक्षा पाहणारा होता. आठवड्यातून दोन वेळा वजने आणि तीन वेळा टेकडी करणाऱ्या माणसाने या अडथळ्याची चिंता करू नये. त्याचे स्नायू जातात ते कमी जेवल्याने, प्रथिने अपुरी पडल्याने आणि स्नायूंना राहण्याचे काही कारणच न दिल्याने.

घड्याळाच्या उष्मांकांवर जेवण मुळीच ठरवू नका. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ साली मनगटी उपकरणे तपासली होती. बहुतेकांनी हृदयाचे ठोके बऱ्यापैकी अचूक मोजले, परंतु उष्मांकांच्या बाबतीत सर्वांत चांगले उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकत होते.

आता मुख्य मुद्दा. जोर आणि बैठका हा आपला शेकडो वर्षांचा ठेवा आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. तरीही शंभर बैठका ज्याला सहज जमतात, त्याच्यासाठी त्या ताकदीचा व्यायाम राहत नाहीत, दमसासाचा होतात. ताकदीचा सेट, म्हणजे न थांबता एका दमात केलेली आवर्तने, कसा ओळखावा? तो संपवताना असे वाटायला हवे, की आणखी दोन-तीन वेळा जमले असते, त्याहून जास्त नाही. तेवढे वजन सहा ते पंधरा वेळा उचलता येईल असे निवडावे. तेच वजन पंधराच्या पुढे सहज जाऊ लागले की ते वाढवावे. मैत्रिणी गुलाबी रंगाचे एक किलोचे डंबेल घेऊन महिनोन्‌महिने हात हलवतात आणि दंड जाड होण्याची भीती बाळगतात. बायकांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन हे स्नायू वाढवणारे संप्रेरक पुरुषांच्या मानाने इतके कमी असते, की ठरवून वर्षानुवर्षे कष्ट केल्याशिवाय दंड फुगत नाहीत.

हालचाली पाच पुरतात. खाली बसून उठणे, कमरेतून वाकून जमिनीवरचे उचलणे, ढकलणे, ओढणे आणि हातात वजन धरून चालणे. मंडईतून दोन्ही हातांत भरलेल्या पिशव्या घेऊन येणे ही पाचवी हालचालच आहे. प्रत्येकीचे दोन ते तीन सेट केले, मधे दीड-दोन मिनिटे थांबले, तरी पन्नास मिनिटांत सगळे होते.

मटकीची_उसळ
प्रथिनांचा उल्लेख वर आला आणि पुढे गेला, तो मला महत्त्वाचा वाटतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची प्रौढांसाठीची रोजची शिफारस किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे, पण ती वजन स्थिर असलेल्या निरोगी माणसासाठी. वजन उतरवताना आणि व्यायाम करताना १.२ ते १.६ ग्रॅम लागतात. टेकडीवाट यांच्यासाठी म्हणजे रोज किमान ८५ ग्रॅम.

शाकाहारी घरात हा आकडा आपोआप गाठला जात नाही. सकाळचे पोहे, दुपारी दोन पोळ्या, भाजी आणि पातळ वरण, रात्री खिचडी, यात पन्नासही भरत नाहीत. शंभर ग्रॅम कोरड्या मटकीत किंवा डाळीत २२ ते २४ ग्रॅम प्रथिने असतात, पण एका वाटी वरणात डाळ मूठभरच असते. म्हणून उसळ घट्ट करावी आणि वाटी मोठी घ्यावी. शंभर ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८, एका अंड्यात ६, पाव लिटर दुधात ८ आणि पन्नास ग्रॅम कोरड्या सोयाबीनच्या वड्यांत सुमारे २५ ग्रॅम मिळतात. उपासाच्या दिवशी साबुदाण्यात प्रथिने नाहीत म्हटले तरी चालेल, तेव्हा दही, दूध आणि शेंगदाणे यांवर भर द्यावा. शेंगदाण्यांत उष्मांक भरपूर असतात, ते मोजूनच घ्यावेत. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र हे प्रमाण डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नये.

तळजाई_आजोबा
मी ६८ वर्षांचा आहे आणि रक्तदाबासाठी रोज गोळी घेतो. तळजाईवर चालतो आणि नुकतेच रबरी पट्ट्यांचे व्यायाम सुरू केले आहेत. माझ्या वयाच्या लोकांना उपयोगी पडतील म्हणून दोन गोष्टी नमूद करतो. पट्टा ओढताना श्वास कोंडून धरला की रक्तदाब एकदम चढतो, म्हणून जोर लावताना श्वास सोडायचा, हे मला माझ्या डॉक्टरांनी बजावून सांगितले. दुसरे असे, की रक्तदाबाच्या काही गोळ्या हृदयाचे ठोके वाढूच देत नाहीत. '२२० वजा वय' हे सूत्र अशा माणसाला लागू पडत नाही. चालताना वाक्य पूर्ण बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, एवढी खूण मला पुरते. ६५ च्या पुढच्यांना तोल सांभाळण्याचे व्यायामही आठवड्यातून तीन दिवस सांगितले आहेत, तेव्हा दात घासताना मी बेसिनला हात लावून एका पायावर उभा राहतो.

टेकडीवाट
सर्वांचे मनापासून आभार. आपल्या प्रतिसादांवरून आठवडा असा आखला आहे, कृपया तपासावा. सोमवार आणि शनिवारी घरी पन्नास मिनिटे ताकदीचे व्यायाम, मंगळवार आणि गुरुवारी टेकडी पाऊण तास, रविवारी जमेल तेव्हा सिंहगड, नाहीतर टेकडीवरच मोठा फेरा. रोज रात्री जेवणानंतर गच्चीवर पंधरा मिनिटे शतपावली. दोन शंका उरल्या आहेत. वजने सुरू केल्यावर काटा आणखी वर गेला तर काय समजावे? आणि घरी जिमसारखे यंत्र नसताना ओढण्याचा व्यायाम कसा करावा?

मोजपट्टी
शतपावलीचे विशेष स्वागत. जेवणानंतर लगेच केलेल्या दहा-पंधरा मिनिटांच्या चालण्याने साखरेचा चढ बोथट होतो आणि साखर काठावर असलेल्यांनी हा भाग कधीच गाळू नये. काट्याबद्दल सांगायचे तर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत वजन किलोभर वाढलेले दिसू शकते. नव्या व्यायामाने दुखावलेले स्नायू पाणी धरून ठेवतात आणि त्यांच्यात साठणाऱ्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत (स्नायूंतला साखरेचा साठा) सुमारे तीन ग्रॅम पाणी येते. ती चरबी नसते. एक किलो चरबी साठायला सुमारे ७७०० किलोकॅलरी जास्त खाव्या लागतात, तितके आपण खाल्लेले नसते. बेंबीच्या पातळीवर पोटाचा घेर दर पंधरवड्याला, सकाळी, काही न खाता मोजावा आणि त्याच्या शेजारी उचललेले वजन लिहावे. घेर उतरत असेल आणि उचललेले वजन वाढत असेल, तर काट्याकडे महिनाभर पाहिले नाही तरी चालेल. दोन महिन्यांत घेर मुळीच हलला नाही, तर मात्र व्यायाम न वाढवता ताटाकडे पाहावे.

लोखंडी_पाटी
आखणीत एकच बदल सुचवतो. शनिवारी पायांचा जड व्यायाम आणि रविवारी सिंहगड हे लागोपाठ ठेवू नका. मांड्या दुखत असताना गड उतरणे आपल्या गुडघ्यांसाठी योग्य नाही. ताकदीचे दिवस मंगळवार आणि शुक्रवार करा, टेकडी बुधवारी आणि गुरुवारी न्या, शनिवार मोकळा ठेवा आणि सोमवारी विश्रांती घ्या. पावसाळ्यात टेकडीची वाट निसरडी झाली की पर्वतीच्या १०३ पायऱ्या सावकाश चढा-उतरा, किंवा इमारतीचा जिना वापरा. उतरताना कठडा धरा.

ओढण्यासाठी लांब रबरी पट्टा घ्या. तो खिडकीच्या पक्क्या लोखंडी गजाला छातीच्या उंचीवर अडकवा, ॲल्युमिनियमच्या सरकत्या चौकटीला कधीही अडकवू नका. दोन पावले मागे सरका, गुडघे किंचित वाकवा आणि कोपरे बरगड्यांजवळून मागे न्या. पाठीचे दोन्ही फरे एकमेकांकडे आले, की एक क्षण थांबून पट्टा सावकाश सोडा. पंधरा वेळा सहज होऊ लागले, की आणखी अर्धे पाऊल मागे जा. पट्ट्याला बारीक चीर दिसली, की तो त्याच दिवशी बदला.